पावडरचे ठिपके

आये, तू गेलीस तेव्हा मी पंधराची होते आणि आता एकावन्नची आहे. तू जेमतेम बेचाळीस पाहिलीस, म्हणजे आज आपण दोघी शेजारी बसलो तर लोक मला तुझी थोरली बहीण म्हणतील. तेव्हा थोडं वरच्या आवाजात बोलले तर चालवून घे. माझी शाळा सातवीपर्यंतची, त्यातली अर्धी तुझ्या टेबलाखाली बसून काढलेली. लिहायला लागले की बोटं दुखतात आणि कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ ते मला कळत नाही. गोडाऊनमधल्या रिटर्नच्या कागदांची मागची बाजू कोरी असते, तिच्यावर लिहिते आहे.

काल्हेरला जिथे आपलं भात उभं असायचं तिथे आता गोडाऊनं आहेत आणि त्यातल्याच एकात मी कामाला जाते. लोक फोनवरून कपडे मागवतात, घालून बघतात, नाही पटले की परत पाठवतात. ते परत आलेले कुर्ते आणि साड्या आम्ही बायका टेबलावर पसरून बघतो. डाग आहे का, शिवण उसवली आहे का, घामाचा वास येतो का. चांगला असेल तर पुन्हा पिशवीत, नाहीतर रिजेक्ट. तू नारपोलीच्या कारखान्यात लूमवरून उतरलेलं कोरं कापड तपासायचीस, मी लोकांनी अंगाला लावून फेकलेलं तपासते. माझ्या हाताखालून डाग सुटत नाही असं तिथे बोललं जातं. ते हात कुणी शिकवले ते मला माहीत आहे.

तो दिवस आठवतो का तुला? मी बारा वर्षांची, शाळेतून थेट कारखान्यात आलेली. लूमचा खडखडाट इतका की तू ओठ हलवतेस आणि मी अंदाजाने ऐकते. खिडकीपाशी तुझं उतरतं टेबल. त्यावरून कापड ओढत न्यायचं आणि खोट दिसली की लाल खडूची रेघ मारायची. तू जेवायला बसतेस आणि खडू माझ्या हातात देतेस. मला काय, मी भराभर रेघा मारत सुटते. तेवढ्यात ज्याच्या लूमचं कापड होतं तो म्हातारा चाचा येतो, दाढी रुईने आणखी पांढरी झालेला, आणि वाकून बघत म्हणतो, “बाई, बेटी को बोलो, ये दाग नहीं है. रूई है.” तू भाकरी खाली ठेवून उठलीस. “डोळं हायत का बटणं लावलीत गो?” म्हणालीस आणि कापडावर जोरात फुंकर मारलीस. माझ्या पाच खोटांतल्या चार उडून गेल्या. “आधी फुंकर मार. उडला तर तूस, ऱ्हायला तर डाग. मंग खडू उचल. तुझ्या एका रेघेपायी या मानसाला दिवसभर बोल खावं लागतात.” पाचवा डाग मात्र खरा होता, तेलाचा. चाचा हळूच म्हणाला, छोटा है बाई, घडी में दब जाएगा. तू मान हलवलीस. “न्हाय चाचा. घडीत दाबला का खालच्या थरालाबी लागंल.” आणि तिथे रेघ तू स्वतः मारलीस.

आता माझं ऐक. दिवाळीनंतर आमच्या गोडाऊनमध्ये बायकांसाठी तपासणीचा कॅम्प लागला. पडदा बांधून एक डॉक्टरीण बसली होती, माझ्या मुलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. तिने हाताने तपासलं, म्हणाली, “ताई, हाताला काही लागत नाही. पण तुमच्या वयाला एकदा मॅमोग्राफी करून घेतलीत तर बरं.” म्हणजे छातीचा एक्स-रे, पण दोन पाट्यांमध्ये दाबून काढतात तो. मग कागद पुढे घेऊन तिने विचारलं, “घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का? आई, मावशी, बहीण?” मी म्हटलं, नाही. तिने रेघ मारली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

घरी सांगितलं तर माझी जाऊ लगेच उखडली. “काही गरज नाही हां! त्या किरणांनीच होतो तो रोग. आणि दाबतात तेव्हा गाठ फुटते आणि अंगभर पसरते. चांगल्या बाईला आजारी करतात.” मुलगी ठाण्याला बँकेत कामाला आहे, ती फोनमध्ये डोकं घालून म्हणाली, “काकी, असं काही नसतं,” आणि मग अर्ध्या तासाने तिचाच चेहरा पडला, कारण फोनमध्ये दोन्ही बाजूंचं लिहिलेलं असतं. तुझा जावई म्हणाला, तुम्हा बायकांचं तुम्ही ठरवा. मला असलं लोंबकळत राहणं सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर मी त्या डॉक्टरणीच्या दवाखान्यात जाऊन बसले आणि नंबर आल्याबरोबर म्हटलं, “फिरवून बोलू नका. फायदा काय, तोटा काय, दोन वाक्यांत सांगा.”

ती हसली. “दोनात नाही बसणार ताई, थोडा वेळ द्या.” मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं. किरण असतात, ते मी नाकारत नाही, म्हणाली, पण इतके थोडे की तुमच्या वयाला त्यांच्या धोक्यापेक्षा फायदा मोठा. दाबल्याने काही पसरत नाही. दुखतं, तेही तेवढ्यापुरतं. फायदा असा की हाताला लागायच्या आधीच दिसू शकतं, आणि लवकर सापडलं तर उपचार हलका पडतो, जीव वाचायची आशा वाढते. “आणि तोटा?” मी विचारलं. ती म्हणाली, कधी काही नसताना दिसतं. परत बोलावतात, पुन्हा फोटो, कधी सुई घालून तुकडा काढतात, आणि तोवर बाईची झोप उडते. कधी असून दिसत नाही आणि बाई बिनघोर राहते. आणि कधी असं काही सापडतं जे जन्मभर गप्प पडून राहिलं असतं, पण गप्प राहणारं कोणतं आणि वाढणारं कोणतं हे आधी सांगता येत नाही, म्हणून त्यावरही उपचार करावे लागतात. “मग करू का नको?” मी म्हटलं. “मी तुमच्या जागी असते तर केली असती. पण घरात आईला वगैरे असेल तर मी ‘केली असती’ असं म्हणणार नाही, ‘कराच’ म्हणेन. तुमच्याकडे नाही ना कुणाला?” आये, मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं. तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं.

कारण काय सांगणार होते? मी चौदाची, तू पाट्यावर सुक्या बोंबलाची चटणी वाटते आहेस. मध्येच थांबतेस, डावा हात उजव्या हाताने धरतेस. पोलक्यावर ओला डाग आला आहे. मी दारात उभी आहे हे तुला कळलेलं नाही. तू आतून कोऱ्या कापडाची घडी काढतेस, कारखान्यातलंच कापड, आणि मला दिसतं की तिथली कातडी बेंबीसारखी आत ओढली गेली आहे. तू वळलीस, मला पाहिलंस, आणि रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. “उष्णतेचा फोड हाय गो. बापाला सांगू नको. कुनालाच सांगू नको.” त्यानंतर त्या घड्या मी घरामागे वेगळ्या धुवायचे. गावातल्या वैदूचा लेप लावायचीस आणि सकाळी डबा घेऊन कारखान्यात. परक्याच्या कापडातला तेलाचा थेंब तुला दडवू द्यायचा नव्हता, आणि स्वतःचं मात्र घडीवर घडी घालत गेलीस. मला तुझा राग येतो, आये. इतक्या वर्षांनी येतो. शेवटी तुझे डोळे पिवळे झाले, बाबांनी कावीळ म्हटलं, गावाने कावीळ म्हटलं, आणि पुढे, तो फोड कशाचा होता हे उमगल्यावरही, मी नवऱ्याला आणि मुलीला कावीळच सांगितली.

तर मी मॅमोग्राफी केली. मुलीने आदल्या दिवशी सेंटरवाल्यांचा मेसेज पाठवला होता, काय करायचं, काय नाही करायचं. मी पहिली ओळ वाचली, वेळ आणि पत्ता, आणि फोन ठेवून दिला. मला वाचायला वेळ लागतो आणि धीर नाही. परक्या बाईपुढे उघडं व्हायचं, घामाचा वास नको म्हणून सकाळी आंघोळ करून काखेत आणि छातीवर डबीभर पावडर मारली. तिथल्या मुलीने पाट्यांमध्ये धरून दाबलं, “आंटी, साँस रोको,” म्हणाली. दुखलं, खोटं कशाला बोलू, पण भाताच्या पेंढ्या वाहिलेल्या बाईला ते काय. दहा-पंधरा मिनिटांत मी कपडे घालून बाहेर.

दोन दिवसांनी फोन आला. काखेकडच्या बाजूला पांढरे ठिपके दिसताहेत, पुन्हा फोटो काढावा लागेल, परवा या. आये, ते दोन दिवस मी कामावर गेले, जेवण केलं, सगळं केलं. पण गोडाऊनमध्ये एका चांगल्या साडीला रिजेक्टमध्ये टाकलं आणि शेजारच्या बाईने ती उचलून माझ्यापुढे धरली तेव्हा मला समजलं की मी बघतच नव्हते. डॉक्टरणीने सांगितलेला तोटा हाच. तेव्हा ऐकताना फार मोठा वाटला नव्हता.

परवाच्या दिवशी मुलगी सुट्टी काढून बरोबर आली. तीच फोटो काढणारी मुलगी होती. माझ्या काखेकडे बघून म्हणाली, “आंटी, उस दिन पाउडर लगाया था क्या?” मी म्हटलं, लगाया था, तो? तिने कपाळावर हात मारला. “मेसेज में लिखा था ना! पाउडर भी फोटो में दाने जैसा दिखता है.” माझी मुलगी माझ्याकडे असं बघायला लागली की मी भिंतीकडे पाहिलं. त्या मुलीने ओल्या कापसाने माझी काख पुसायला घेतली आणि मला हसू फुटलं. तुझी फुंकर आठवली. इतकं हसले की तिला वाटलं मला गुदगुल्या होताहेत. पण हसता हसता हेही आठवलं की तू फुंकर मारलीस त्या दिवशी पाचवा डाग राहिला होता.

फोटोच्या आधी तिने डॉक्टरणीकडून आलेला तोच कागद पुन्हा काढला. “माँ, बहन, किसी को?” मुलगी शेजारीच उभी होती. मी म्हटलं, “माँ को था. बयालीस की थी.” एवढंच. बोलायला एक श्वाससुद्धा लागला नाही.

ठिपके गेले. पावडरच होती. संध्याकाळी डॉक्टरणीने दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले आणि मग कागदावरची नवीन ओळ बोट ठेवून वाचली. ओरडली नाही. म्हणाली, आज काही दिसत नाही, पण हे जन्माचं सर्टिफिकेट नाही. तुम्ही आता ठरलेल्या वेळी येत राहायचं, आणि मध्येच काही वेगळं वाटलं तर तारखेची वाट बघायची नाही. मुलीला म्हणाली, तुझं वय अजून या फोटोचं नाही, पण आजीचं वय लक्षात ठेव, तुला बाकीच्यांपेक्षा आधी सुरुवात करावी लागेल, एकदा निवांत येऊन बोल.

परतताना रिक्षा नारपोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. मुलगी फाइल मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, “मी ऑफिसच्या फॉर्मवर लिहून दिलंय, आजी काविळीने गेली म्हणून.” मी म्हटलं, बदलून दे. ती म्हणाली, “मम्मी, अजून काय काय काविळीने गेलंय आपल्या घरात?” आधी ती हसली, मग मी. मग तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. तुझं टेबल जिथे होतं त्या गल्लीवरून आम्ही गेलो, पण मी तिला दाखवलं नाही. पुढच्या वेळी दाखवीन.

हे कागद कुठे पाठवणार? रिपोर्टच्या फाइलमध्ये मागे घालून ठेवते. फाइल मुलगीच सांभाळते, कधीतरी तिच्या हाताला लागतील. तिने मला परवा विचारलं, तेव्हा घरात कुणालाच कळलं नव्हतं का? मी म्हटलं, मी लहान होते. ते खरं आहे, आणि पुरतं खरं नाही. तू त्या दिवशी कुणाला सांगू नको म्हणालीस ना, आये, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता मला सांगावं लागणार नाही, म्हणून.