एका ताटातला मलिदा

ठाणे, ९ जानेवारी १९६०

चि. केतुराला आत्याचा शालोम आणि आशीर्वाद.

तुमच्या शाळेत ललिताबाई दर रविवारी सगळ्या धर्मांची मुलं जमवतात आणि एकेकाला आपल्या घरचं सांगायला लावतात, हे वाचून बरं वाटलं. ज्यूची मुलगी बाटेल म्हणून तुझा बाप कुरकुरतो म्हणे. त्याला सांग, त्याच्या बहिणीने नन्सच्या छड्या खात येशूची सगळी गाणी पाठ केली, तरी शुक्रवारचा दिवा अजून तीच लावते.

कारखान्यात पोलादाच्या भट्टीवर भाजलेला त्याचा हात बरा झाला, तेव्हा आपल्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताचा नवस फेडायलाच हवा. मलिद्याला त्या मुलांनाही बोलव. गोड पोह्यांच्या एका ताटातून सगळ्यांनी खायचं, याहून चांगलं भाषण तुला जमणार नाही. नारळ जास्त घाल, तुझी आई हात आखडते.

लिहीत जा, नाहीतर मी कशी रागावते ते तुला ठाऊक आहे.

तुझी
रिबकाआत्या

भिलाई, २ फेब्रुवारी

ती. आत्यांना केतुराचा नमस्कार.

मलिदा झाला. प्रार्थनेला बाबांनी दुर्गचे रेल्वेतले सोलोमनकाका बोलावले होते. प्रार्थना संपली, आईने ताट पुढे केलं, तर काकूंनी पिशवीतून डबा काढला. काका बाबांना हळूच म्हणाले, की वहिनींची आजी इस्राएल नव्हती, त्या काळ्या इस्राएल, त्यांच्या हातचं आम्ही घेत नाही. बाबा गप्प बसले.

काकांना वाटलं, या मुलांना मराठी कुठली कळणार. सत्यशीलाला कळलं. ती भंडाऱ्याकडची, तिच्या घरचे बौद्ध झालेत. गावच्या विहिरीवर आजीला पाणी भरू देत नसत, असं तिने वर्गात सांगितलं होतं. तेव्हा मी उठून म्हणाले होते, आमच्यात असलं काही नाही.

तिने मलिदा दोनदा मागून खाल्ला आणि माझ्याकडे न बघता गेली. आता शाळेला जाताना हाक मारत नाही. रविवारी जाऊ का? आईचं पोट पुन्हा दुखतंय.

उत्तराची वाट बघते.

आपली केतुरा

ठाणे, ८ फेब्रुवारी

चि. केतुरा, शालोम.

नवसाच्या मलिद्याला घरून डबा. सोलोमनला मी वेगळं पत्र टाकलं आहे, ते तो बायकोला वाचून दाखवणार नाही. तुझ्या बापाच्या तोंडात त्या वेळी पोहे होते का, तेही विचार.

रविवारी जायचं. चुकीचं वर्गात बोललीस, खरंही वर्गातच सांगायचं. तू नकळत बोललीस, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. सत्यशीला काय म्हणेल ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. वल्हांडणाच्या सणाला मी येते आहे, आणि तुझ्या आईच्याच हातचं जेवणार आहे.

ताठ बस.

आत्या

भिलाई, २२ फेब्रुवारी

ती. आत्यांना नमस्कार.

सांगितलं. कुणी हसलं नाही. सत्यशीलाने एवढंच विचारलं, मंग तुह्या आईले तुमचे लोक कुठी गाडतीन? ती चिडली नव्हती, खरंच विचारत होती. घरी येऊन बाबांना विचारलं, तर त्यांनी कानाखाली मारली आणि माझा रविवारचा वर्ग बंद केला.

आईच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर फार दिवस देत नाहीत. काल ती म्हणाली, त्या पोरीचा प्रश्न आत्याला लिही. म्हणून लिहिते.

माया असू द्या.

केतुरा

ठाणे, २ मार्च

चि. केतुरा, शालोम.

कबरस्तानात माझ्यासाठी राखलेल्या जागेशेजारची जागा मी तुझ्या आईसाठी मागितली. इथली मंडळी म्हणाली, भिंतीपाशी कोपऱ्यात बघू. मग माझीही तिथेच ठेवा म्हटलं, तर ते रीतीत बसत नाही म्हणे. दोघी शेजारी, नाहीतर दोघीही नाही, असं सांगून आले. नाहीच म्हणाले तर आम्ही भिलाईत. तिथे तुम्ही कारखान्यासाठी एवढं खणून ठेवलं आहे, दोघींपुरती जागा निघेल.

वल्हांडणापर्यंत थांबत नाही, शनिवारी रात्री निघते. बापाने वर्ग बंद केला ना, मग पुढल्या रविवारी मुलांना घरी बोलव. त्याच्याशी मी बघते. मलिदा पुन्हा करू. आईला बसवत असेल तर पोहे तिनेच कालवायचे, नारळ मी खवते.

आणि सत्यशीलाला सांग, मी सगळ्यांना विचारून पाहिलं. उत्तर मिळालं ते एवढंच, भिंतीपाशी.

तुम्हा दोघींची
रिबका