गौरीमागचे दोघे

९ एप्रिल, बुधवार

वल्लरी आज परत चित्रं दाखवत बसली. माझी नात रशियातल्या जुन्या चित्रकारांवर पीएचडी करते, आणि मत विचारते ते चौथी पास आजीचं! मजाच आहे. एक चित्र तर फारच गोड. खिडकीबाहेर बर्फ, आत दोन दाढीवाले. एक जण दुसऱ्याच्या सदऱ्याला बटण लावतोय, तेही सदरा अंगात असताना. अंगावर शिवू नये, एवढं कळत नाही बापड्यांना. पण चेहरे किती निवांत. भाऊ असणार. म्हटलं, मोठं छापून आण, शुक्रवारी चैत्रगौरीच्या मागे आराशीत लावू. दरवर्षी आपले तेच थर्माकोलचे मोर. "नक्की ना, आजी?" म्हणाली. त्यात नक्की काय? उद्या मंडईतून कैऱ्या आणायच्यात.

११ एप्रिल, शुक्रवार

लाज गेली.

डाळ-पन्हं छान झालं होतं. बायका चित्राचंच कौतुक करत होत्या. समोरच्या श्यामलाताईंनी विचारलं, "कोण हो हे?" मी भाऊ म्हणणार, तोवर वल्लरी म्हणाली, "जोडपं आहे, काकू. आयुष्यभर चोरून संसार केला त्यांनी. मी अशाच चित्रकारांवर अभ्यास करते." शेजारची उत्कर्षा म्हणाली, "वा, गौरीला पाहुणे बरे शोधलेत." हशा झाला. मीही हसले. उठून चित्रावर साडी टाकली नि म्हटलं, "पोर काहीही सांगते. चुलतभाऊ आहेत ते."

श्यामलाताई तेवढ्या हसल्या नाहीत. ओटी न घेताच गेल्या. नाराज झाल्या असणार.

१२ एप्रिल

वल्लरी एवढंच म्हणाली, "लोकांनी त्यांना भाऊ केलं, मित्र केलं. ते खोटं खोडायलाच मी दोन वर्षं खपतेय. आणि तू माझ्यासमोर तेच केलंस."

काल चित्राची लाज वाटली. आज माझी वाटते. देवासमोर बसले, पण बोलायला तोंड नाही. उरलेली डाळ आंबली.

१३ एप्रिल

चित्रावरची साडी काढली. वल्लरीने पाहिलं. मग चहा दोघींचा टाकला.

१४ एप्रिल

श्यामलाताई आल्या. मी माफी मागणार, तर म्हणाल्या, "चित्र आहे ना अजून?" बराच वेळ त्यापुढे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा मुलगा श्रीधर खराडीला ज्याच्याबरोबर राहतो, त्याला मी अजून घरी बोलावलेलं नाही. अक्षय्य तृतीयेला बोलावते म्हणते. तुम्ही शेजारी बसाल का माझ्या?"

मला विचारलं. मला.