खंदकात पाणी हाय का?

लातूर, रविवार, दिवेलागण

दुकान विकून आलेला पैसा कुठं लावायचा, म्हणून आज नात पल्लवी माझ्यापुढं मांडी घालून बसली. शेअर घ्यायला म्हणून संगणक-मोबाइलवाल्या कंपन्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून तिनं तीन ढीग केले. भक्कम, बऱ्या, कच्च्या.

"अप्पा, जिच्याभोवती खंदक, ती भक्कम. तिचं गिऱ्हाईक कुणाला पळवता येत नाही."

म्हणालो, "खंदकाचं मला सांगू नको. उदगीरच्या किल्ल्याच्या खंदकात उतरून आम्ही सीताफळं खाल्लीत. पाणी हाय का, ते बघ आधी."

हसली. पण घरपोच किराणा देणारी चकचकीत कंपनी तिनं भक्कमातून उचलून कच्च्यात टाकली. "सूट बंद झाली की हिचे लोक पळतात. खंदक कोरडाच हाय की हो, अप्पा!" हिशेबाचं सॉफ्टवेअर करणारी मात्र राहिली. व्यापारी तिला शिव्या घालतात, पण सोडत न्हाईत. पैसा तिथंच लावायचं ठरलं.

उठता उठता पोरीनं विचारलं, "आपलं दुकान कोणत्या ढिगात होतं?"

"भक्कम," म्हणालो खरा. पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळत राहिलंय. गल्ल्यावर आमची कारभारीण शांता बसायची. बाया भांडत यायच्या, "काकू, डाळीत खडे निघाले!" ही म्हणायची, "मग? खड्याचे पैसे घेतले का गं तुझ्याकडून?" त्या हसायच्या, अन् पुन्हा डाळ तिच्याकडूनच न्यायच्या. शांता गेली, तशा एकेक करून पांगल्या. डाळ तीच, भाव तोच. मी आपला वर्षानुवर्षं चूक वजनकाट्यात शोधत बसलो.

खंदक माझा होता. पाणी तिचं.