चौकशीशिवाय बसलेलं कडं

३ फेब्रु., मंगळ
बिडकीनच्या स्थळाचा होकार आला. नितीन, कंपनीत इंजिनिअर. बघायला आला तेव्हा सगळा वेळ चहाच्या कपाकडंच बघत होता. साखरपुडा बावीसला, रविवारी. एवढी घाई कशाची? आणि आप्पांनी चौकशीच केलेली नाही. म्हैस घ्यायची तरी आप्पा आधी मालकाच्या शेजाऱ्याकडं चहा पिऊन येतात. ताईच्या वेळी फसलो, वर्षात ती माहेरी परत आली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हे तर... कुठंतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रु., गुरु
आईचा फोन. "पाव्हण्यांना काय सांगू, तू तिथं करतीस तरी काय?" म्हटलं, पेशीत आरएनएचा नको तो भाग कापून उरलेला जोडणारं यंत्र असतं. ते यंत्र पेशी कसं जुळवते, ते बघते. आई म्हणाली, "शिकतीय म्हणून सांगते."
दिवस वाईट. त्या यंत्राच्या भागांत छोट्या आरएनएभोवती सात प्रथिनांचं कडं बसतं. ते एसएमएन नावाचं प्रथिन बसवतं, यावर माझ्या प्रबंधाची सगळी भिस्त. आज एसएमएन न घातलेल्या नळीतही कडं बसलं! प्रयोगशाळेतल्या वैशालीनं माझं थेंब मोजायचं पिपेट वापरलं असणार, त्यातूनच एसएमएन नळीत आलं. विचारलं तर हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

७ फेब्रु., शनि
सगळं नवं घेऊन, दार लावून पुन्हा केलं. तेच. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, चुकीचा आरएनए टाकून बघ. त्याच्यावरही बसलं. मिठाच्या पाण्यानं धुतलं तरी हलेना.
म्हणजे कडं मोकळं सोडलं तर कुणावरही बसतं. एसएमएनचं खरं काम अडवण्याचं. सातांना धरून ठेवायचं, आरएनए योग्य आहे का बघायचं, मगच बसू द्यायचं. मॅडम म्हणाल्या, हे आधीच वाचलं असतंस तर वैशालीवर डोळे वटारले नसतेस. खरंय. तरी पिपेट आता कपाटात ठेवते.

८ फेब्रु., रवि
घरी देवगावला गेले. आप्पा गोठ्यात होते. सरळ विचारलं, चौकशी का नाही केली? म्हशीची पाठ चोळता चोळताच म्हणाले,
"त्यांनी ताईचं काय बी विचारलं नाय. मग आपुन कशाला त्यांचं खोदत बसायचं?"
ताई दारातच होती. तिनं ऐकलं आणि आत गेली. मला आप्पांचा राग आला, कीवही आली. आम्ही काय झाकतोय ते कळलं. ते काय झाकतायत?

९ फेब्रु., सोम
शहरात परतले, क्रांती चौकात रिक्षातून उतरले आणि तिथूनच नितीनला फोन लावला. म्हटलं, मला चौकशी करायचीय, तुमचीच. मला वाटलं, फोन ठेवेल.
"बरं झालं तुम्ही विचारलं," म्हणाला. "मला कुणी विचारतच नव्हतं."
फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणे. उद्या भेटतोय. घरी कुणाला सांगितलेलं नाही. भीती वाटतेय. पण बावीस तारीख अजून लांब आहे.