नानांचा तेलाचा डबा

॥ श्री ॥
पिंप्राळा, ता. ८ फेब्रुवारी १९५६

तीर्थस्वरूप लोटनभाऊंच्या पायी निंबाचे दंडवत. वि. वि. इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची रीत म्हणून लिहितो. ठीक काही नाही.

भाऊ, आपल्या नानांनी माझ्या गाडीचा जीव घ्यायचं मनावर घेतलं आहे. जिनिंगवाल्या शेटची ती छोटी जर्मन गाडी त्यांनी उमरभर चालवली. तिचं इंजिन दोन स्ट्रोकचं, पेट्रोलात तेल मिसळल्याशिवाय चालायचं नाही. पण माझ्या फोर्डचं तेल खाली चेंबरमध्ये वेगळं असतं, हे गॅरेजात राबणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू! नानांना मात्र सांगून सांगून माझी जीभ झिजली. रोज पहाटे डबा चाचपत उठतात, टाकीत तेल ओततात, बॉनेटला हात लावून नमस्कार करतात. बोललो की एकच पालुपद, तेल शे म्हनीसन गाडी शे. सगळी करणी तेलाचीच!

परवा मुक्ताईच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब घेऊन एदलाबादला चाललो होतो. नशिराबादच्या पुढे गाडी मिसिंग मारू लागली. मागे धुराचा हा लोट! प्लग काढून बघतो तर काळेठिक्कर. त्या माणसांना दुसऱ्याच्या गाडीत बसवून दिलं आणि तोंड लपवून परत आलो. स्टँडवरचा सुकदेव माझ्या टॅक्सीला धुराडं म्हणतो, आणि त्याचं ऐकून गिऱ्हाईक त्याच्याकडे वळतं.

घरी आलो तो डोकं फिरलेलं. चार माणसांदेखत नानांच्या हातातून डबा हिसकावला, आणि नको ते बोललो. म्हणालो, तुमचे डोळे गेले तशी अक्कलही गेली. तेव्हापासून ते भाकरी चिवडून उठतात. दिवसभर मारुतीच्या पाराशी बसून असतात. मोतीबिंदूनं दिसत नाही, गाडी हाती नाही, एवढं एकच काम त्यांना उरलं होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! ओतू द्यावं तर गाडी जाते, न द्यावं तर नाना जातील. काहीतरी सुचवा.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर रागवा, पण लिहायचं टाकू नका.
तुमचा, निंबा


॥ श्री ॥
धुळे, ता. १५ फेब्रुवारी १९५६

चि. निंबास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग तुझ्या जिभेचा राग आला. लहानपणी मिरची चाखून बोंबलायचास, तीच मिरची अजून तोंडात आहे वाटतं. जा, आधी नानांच्या पायावर डोकं ठेव.

आता उपाय ऐक. डबा त्यांना परत दे. फक्त आतलं तेल काढून घे आणि त्यात पेट्रोलच भरून ठेव. त्यांना दिसत नाही, आणि गाडीशी गेलं की पेट्रोलाचाच वास. पेट्रोलात पेट्रोल ओततील, गाडी सुखी, म्हातारा सुखी. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. डबा तेवढा चुलीपासून लांब ठेवायला सुनंदाला सांग.

ही फसवणूक आहे असं मनात आणू नकोस. आजारी माणसाला गुळातून औषध देतात, तसं समज. हिला तुमची सगळ्यांची फार आठवण येते. माया आहे ती आटू देऊ नका.
तुझा, लोटन


॥ श्री ॥
पिंप्राळा, ता. ३ मे १९५६

तीर्थस्वरूप भाऊंना निंबाचे दंडवत. तुमची मात्रा लागू पडली. नाना पुन्हा दोन भाकऱ्या खातात. पहाटे डबा ओततात. गाडी घड्याळासारखी चालते, तर पारावर सांगत सुटतात की बघा, पोराला शेवटी तेलाची किंमत कळली. सुकदेवानंही धुराडं म्हणायचं सोडलं. मी वर हसतो, पण आत कुठेतरी टोचतं.

एक बारीक गोष्ट लिहितो. पूर्वी तेल ओतलं की नाना सुनंदाकडे चुलीतली राख मागायचे. तेलाचा हात राखेनं चोळल्याशिवाय ते पाण्याच्या तांब्यालाही शिवत नसत. हल्ली राख मागत नाहीत. ओतून झालं की बोटं एकमेकांवर घासत थोडा वेळ उभे राहतात आणि हात धोतराला पुसून येतात. सुनंदा म्हणते, मामंजींना कळलं आहे. मी तिला गप्प केलं. कळलं असतं तर नाना बोलल्यावाचून राहिले असते का? त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

दसऱ्याला गाडीची पूजा आहे, तेव्हा नक्की या. इथे सगळ्यांचा जीव तुमच्यात आहे.
तुमचा, निंबा


पिंप्राळा, ता. २८ सप्टेंबर १९५६

लोटनभाऊंस, वर श्री घातला नाही आणि नमस्कारही लिहीत नाही. सुतक आहे.

तार तुम्हाला पोचली, पण गाडी जॅकवरून घसरून तुमचा पाय प्लास्टरात आहे, हे वहिनींच्या पत्रानंच आम्हाला कळलं. तुम्ही थोरले असून अग्नी मी दिला. तुम्ही नव्हता म्हणून बठ्ठं, अगदी सगळं लिहितो.

नाना गेले त्याच्या आदल्या सांजेला त्यांच्या छातीत कळ आली. मी मागच्या सीटवर निजवून दवाखान्यात नेलं. वाटेत ते गाडीचा आवाज ऐकत होते. इंजिन चांगलं बोलतं आहे, म्हणाले. मग मला जवळ वाकायला सांगितलं. मला वाटलं, तुमचं नाव घेतील. तर म्हणाले, डबामानं पेट्रोल टाकीमा वती टाक, उडी जाई.

डब्यातलं पेट्रोल उडून जाईल याची काळजी! तेल नाही, पेट्रोल म्हणाले. भाऊ, त्यांना ठाऊक होतं हो! राख मागायची सोडली तेव्हापासूनच ठाऊक होतं. तरी रोज उठून ओतत राहिले, आणि पारावर तेलाच्या गप्पा मारत राहिले. आपण त्यांचं मन राखतो म्हणत होतो, आणि ते आपलं राखत होते. मी धाय मोकलून रडलो, पण तोवर त्यांची शुद्ध गेली होती. मी काही बोललेलं त्यांना ऐकू गेलं नाही.

आज दहावा केला, गिरणाकाठी. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून नुसता बघत होता. सुनंदाला दुखवणार नाही म्हणालो, तुमचा पाय बरा झाला की तुम्हाला घेऊन येईन म्हणालो. तो हलेना. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. सुकदेवही आला होता. तो हळूच म्हणाला, म्हाताऱ्याच्या मनातलं काय ते बोल. मग हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो की नाना, उद्यापासून गाडीत खरं तेल घालीन. कावळा लगेच उतरला.

शब्द देऊन बसलो आहे. तेल घातलं तर पुन्हा नशिराबाद. या गाडीवर घर चालतं. आता काय करू ते सांगा.
निंबा


धुळे, ता. ६ ऑक्टोबर १९५६

चि. निंबास आशीर्वाद. खाटेवर पडून लिहितो, अक्षर वेडंवाकडं आहे. तुझं पत्र हिनं वाचून दाखवलं. अर्ध्यात तिनं पत्र माझ्या हाती दिलं, पुढचं मीच वाचलं.

शब्द पाळ. टाकी भरली की एक पळीभर तेल घाल, जास्त नको. पळीभरानं इंजिन मरत नाही. थोडा धूर निघेल, तो निघू दे. प्लग काळे होतील, ते पाय बरा झाला की मी येऊन साफ करीन, आणि पुढेही करत जाईन. एवढी पळी तेव्हाच नानांच्या हातात देता आली असती रे! पळीनंच घाला, असं त्यांना समोर बसून सांगता आलं असतं. मला शहाणपण सुचलं ते डबा बदलायचं. माझ्या बापाला मी आंधळा धरला.

सुकदेव पुन्हा धुराडं म्हणाला तर म्हणू दे. सुनंदाला जप. आपण दोघेच उरलो, एकमेकांना धरून राहू.
तुझा, लोटन

ता. क. ओतून झालं की हात धोतराला पुसू नकोस. सुनंदाकडे राख माग.