घाण्यासमोरचं बाक

१३ सप्टेंबर, बाजार

बाकावर आज तिघी! चुसॉकचा सण सोळा दिवसांवर आला आणि तिघी. त्यातली एक तर पाय दुखतात म्हणून टेकलेली, तिला तेल नकोच होतं. पूर्वी ह्या दिवसांत बाक पुरायचं नाही, बायका आपापल्या तिळाच्या पोत्यांवर बसून राहायच्या.

तरी लिहून ठेवते — माझा घाणा बंद पडत नाही. का, तर माणसाला आपले तीळ आपल्या डोळ्यांदेखत भाजलेले आणि पिळलेले हवे असतात. मध्येच कुणी परदेशी तीळ मिसळले तर? म्हणून तर हे बाक. चाळीस वर्षांची ओळख, माझ्या मुलाच्या लग्नात पोटभर जेवून गेलेल्या बायका, पण तीळ भट्टीत पडले की नजर हलत नाही. लघवीला जायचं झालं तरी शेजारणीला सांगून जातात, "माझ्या तिळांकडे बघ गं जरा!" मी समोर उभी असताना! मला राग येत नाही. मीही तेच केलं असतं.

आणि ते फोनवर मागवलेलं तेल? ते पिळताना कुणी बघितलंय?

१८ सप्टेंबर, बाजार

दोकजा आली. बाकीच्या येवोत न येवोत, दोकजा दर पाचव्या दिवशी, दर बाजाराला येणारच. पोतंभर तीळ. सहा मुली तिला, सगळ्यांना तेल पुरवते. बाईचा जीव आहे मुलींवर.

पण डोकं खाते! भट्टीत तीळ पडले की बाकावरून सुरू — "काढ! काढ म्हणते ना!" अजून नीट तांबूससुद्धा झालेले नसतात. म्हटलं, "अगं, कच्चे आहेत." तर म्हणे, "जावयाचं पोट नाजूक आहे, तू काढ." मग तिच्या तेलाचा रंग कसला? पातळ चहासारखा. आजाऱ्याचं तेल! माझ्या नवऱ्याने असलं तेल दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं. तेल काळं दिसलं पाहिजे, गल्लीच्या टोकाला वास गेला पाहिजे, असं म्हणायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, मी अजून त्याच्याच हिशेबाने भाजते.

असो. तीळ तिचे, हट्ट तिचा. पिळून दिलं.

२३ सप्टेंबर, बाजार

पाऊस. दोकजा सोडून कुणी नाही. घाणा दोनदा पुसला.

२८ सप्टेंबर

रागातच लिहिते.

मुलगा तेग्यू आणि सूनबाई युरा दुपारी क्वांगजूहून आले. पोरं दमली होती, झोपली. मी आणि युरा सोंगप्यॉन, सणाच्या तांदळाच्या करंज्या, करायला बसलो. चांगली वळते हो ती, तिला नाव ठेवणार नाही. वाफवून झाले, वरून तिळाच्या तेलाचा हात फिरवायचा, तर मी बाटली आणायला उठले. वळून बघते तो हिने आपल्या पिशवीतून एक बाटली काढलेली! एवढीशी, पारदर्शक, वर तिळाच्या पांढऱ्या फुलाचं चित्र. "आई, आज हे लावून बघू या का?"

घाणेवालीच्या घरात बाहेरचं तेल! सणाच्या सोंगप्यॉनला!

त्यांच्या इमारतीतल्या बायकांचा फोनवर गट आहे म्हणे. संध्याकाळी सांगितलं की पहाटे दाराशी. मी विचारलं, पिळलं कुणी? बघितलंस का? तर म्हणते, "आई, बघायचं कशाला? चवीवरून कळतं ना." तेग्यू छताकडे बघत बसला. लहानपणी भांडी फोडली की असाच बघायचा.

मग म्हणाली, हळूच म्हणाली, तेच जास्त लागलं — "रागावू नका आई. तुमचं तेल चांगलंच असतं. पण जरा करपल्यासारखं लागतं. मुलं खात नाहीत. आणि दारूच्या हिरव्या बाटलीत असतं ना, शेजारीण बघून हसली."

अहो, गावात कुठला घाणेवाला दारूच्या रिकाम्या बाटल्यांत तेल भरत नाही? धुऊन, उकळून, उन्हात वाळवून घेते मी! चाळीस वर्षं कुणी हसलं नाही.

तिच्या बाटलीला मी बोटसुद्धा लावलं नाही. सोंगप्यॉनला माझंच तेल लागलं. मुलांनी दोन-दोन खाल्ले आणि ठेवले.

१ ऑक्टोबर

गेले सगळे. चार हिरव्या बाटल्या बांधून दिल्या होत्या. आज दुपारी कपाटामागे दोन सापडल्या. फोनवर विचारलं, तर विसरल्या म्हणे! बरं बरं.

८ ऑक्टोबर, बाजार

आज मी पैज मारली. मारली ती मारली!

दुकानदारांची सभा होती. अध्यक्ष प्यो, म्हणजे आपला सुक्या मासळीवाला, हातात कागद घेऊन उभा. गेल्या वर्षात बाजारातली नऊ दुकानं बंद झाली. चपलांचं गेलं, भांड्यांचं गेलं, कापडवाली बिचारी मुलीकडे राहायला गेली. आता म्हणे प्रत्येकाने फोनवर विकायला शिकायचं, नाही तर जागा तरुण मुलांना द्यायची, कॉफीची दुकानं काढतील. माझ्याकडे बघून म्हणतो, "वहिनी, तुमची जागा कोपऱ्याची. जमाना बदललाय. घाण्याचं तेल आणि कारखान्याचं तेल, आता कुणाला फरक कळतो?"

कुणाला कळतो? मला कळतो! मी उठले. म्हटलं, "प्योभाऊ, डोळे बांधा माझे. तीन वाट्या ठेवा समोर. माझं तेल ओळखता आलं नाही, तर दुकानाची पाटी उतरवते. आणि ओळखलं, तर ह्या जन्मात कॉफीचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही." टाळ्या पडल्या. प्यो हसला आणि लबाडाने फळ्यावर लिहूनच टाकलं — १८ तारीख, सकाळी अकरा, घाणेवाल्या इमसुनवहिनींची तेलपरीक्षा.

लिहू दे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

१३ ऑक्टोबर, बाजार

सगळा बाजार माझ्या पैजेबद्दलच बोलतोय. दोकजाने मात्र तोंड वाकडं केलं. "कशाला गं नसती पैज? हरलीस म्हणजे?" म्हटलं, "स्वतःच्या पोराला कुणी ओळखत नाही का?" हसली नाही. आज दोन पोती आणली होती. म्हटलं, मुली तेल पितात की काय? "धाकटी बाळंत झाली," म्हणाली आणि लगेच, "काढ! काढ म्हणते ना!"

तिसरी वाटी कुठून आणायची, असं प्यो विचारत होता. मी युराला फोन केला. म्हटलं, ये, आणि तुझी ती फुलाची बाटली घेऊन ये. सगळ्यांसमोर होऊ दे.

१८ ऑक्टोबर

आधी जेवले. मग लिहायला बसले. जेवले म्हणजे पाण्यात भात.

सगळं नीट आठवतंय. प्योने डोळ्यांवर टॉवेल बांधला, कुणाच्या तरी सत्तराव्या वाढदिवसाला वाटलेला, गुलाबी. मी म्हटलं घट्ट बांध, नंतर कुरकुर नको. माणसं हीऽऽ लोटलेली. चमचा तोंडाशी आला.

पहिलं. थुंकले. "कारखान्याचं. पुढे!" लोक हसले. बरोबर होतं, मोठ्या दुकानातलं होतं ते.

दुसरं. घशाला कडू झोंबलं. म्हटलं, "हे कुणीतरी करपवलंय! भट्टी पेटवून गप्पा मारत बसला होता वाटतं मेला!" ह्या वेळी कुणी हसलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

तिसरं. काय सांगू! तीळ तीनदा धुतलेले, सावलीत निथळलेले, वाळूचा कण नाही, कोंडा नाही, गिळल्यावर मागे गोड. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला शिकवलं होतं ना, ते सगळं त्या चमच्यात होतं. डोळ्यांत पाणी आलं, टॉवेल होता म्हणून बरं. मोठ्याने म्हटलं, "हे माझ्या हातचं! पैज लावून सांगते!"

टॉवेल सोडला. तिसऱ्या वाटीमागे युराची फुलाची बाटली. दुसऱ्या वाटीमागे माझी हिरवी.

प्यो पुढे आला, "वहिनी, चेष्टेत झालं, सोडून द्या हो." तो बिचारा खरंच वरमला होता. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. आठ नोव्हेंबरचा शेवटचा बाजार करते, मग पाटी उतरवते. युरा रडायला लागली. "आई, मी बाटली आणायलाच नको होती." मीच तिला जवळ घेतलं. तिचं काय चुकलं?

दोकजा गर्दीत होती. नंतर कुठे गेली कोण जाणे, भेटलीसुद्धा नाही.

१९ ऑक्टोबर

माझ्याच तेलाला मी करपलेलं म्हणाले.

२८ ऑक्टोबर, बाजार

बंद होणार म्हटल्यावर बाक भरलं! अकरा बायका! मेल्यांनो, इतके दिवस कुठे होता? एक म्हणते, "सून फोनवरून मागवते गं, मी काय करू?" दुसरी म्हणते, "पोतं उचलवत नाही आता." तिसरीने तर माझा हात धरून सांगितलं, इथे बसून बोलायला मिळायचं, तेवढंच हवं होतं. मग यायचं होतंस की बये! तिला चहा दिला. तीळ मात्र एकीनेही आणले नव्हते.

तेग्यू रोज फोन करतो. "आई, आमच्याकडे ये." बघू म्हणते. त्यांच्या चौदाव्या मजल्यावर मी सकाळी पाचला उठून करू काय?

३ नोव्हेंबर, बाजार

दोकजा गेल्या तीन बाजारांत फिरकली नाही. तीन! पस्तीस वर्षांत असं झालं नाही. म्हणजे तीसुद्धा गेली फोनकडे. जावयाच्या पोटाचं निमित्त सांगत माझ्याकडून नखरे करून घेतले आणि हरले म्हटल्यावर पाठ फिरवली. बाकीच्यांकडून अपेक्षा नव्हती, पण दोकजाचं लागलं. फार लागलं.

युराचा फोन. आई, ते फुलाचं तेल आता मिळत नाही, दोन आठवडे झाले, संपलं म्हणतात. म्हटलं, बरं झालं! देवाला डोळे आहेत!

७ नोव्हेंबर

भट्टी घासली. घाणा खोलून तेल घातलं, कुणी विकत घेतला तर अडायला नको. शिडी मासळीवाल्याकडून आणून ठेवली. नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं — तुझ्या चवीने चाळीस वर्षं भाजलं, माझी जीभ काय म्हणते ते मी कधी विचारलंच नाही. रागवायचं तर रागव.

८ नोव्हेंबर, बाजार

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते, तर डगमगणारी शिडी एकाएकी स्थिर झाली. खाली दोकजा, दोन्ही हातांनी धरून उभी. रडून डोळे सुजलेले. "उतर खाली! तू बंद केलंस तर माझी नात काय विकणार?"

"तुझी नात काय विकते?"

तिने पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. एवढीशी, पारदर्शक, वर तिळाचं पांढरं फूल. आत तेच पातळ चहासारखं तेल, माझ्याच घाण्यात माझ्याच हातांनी पिळलेलं!

पाटी जागेवर आहे. दोकजाला मी मनसोक्त बोलून घेतलं, सगळ्या बाजाराने ऐकलं. मग भट्टी पेटवली, माझे स्वतःचे तीळ टाकले, तिला बाकावर बसवलं आणि म्हटलं, "आता सांग. कधी काढू?"