तराजूवरची खाट

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. आमचे वैद्यबुवा पोथीत लिहिलंय म्हणून काही मानत नाहीत, आधी मोजून बघतात. मलाही जेवणाआधी आणि नंतर तोलतात. खाल्लेलं अंगाला लागत नाही, हे तुझं म्हणणं खरं निघालं!

परवा म्हातारा माळी गेला. जीव जाताना वजन किती घटतं, हे बघायला त्याची खाट तराजूला टांगली होती. दुपारभर तो पाणी मागत होता. घोटभरानेही माप चुकलं असतं, म्हणून मी दिलं नाही.

काटा हललाच नाही. एकावरून काही ठरत नाही, असं वैद्यबुवा म्हणाले.

बाबांचा खोकला कसा आहे? वैद्यबुवा रोज आपुलकीने विचारतात, उपचाराला इकडे आणा म्हणतात. आणू नकोस. तराजूपाशी मीच उभा असतो.

तुझा धाकटा